स्प्रिंगच्या एअर रायफलला होलोग्राफिक साइट घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा: इंदिरानगरमधल्या एका वाचकाकडे ०.१७७ बोअरची, नळी मोडून भरायची स्प्रिंगची एअर रायफल आहे. रविवारी दिंडोरीकडच्या शेतावर मातीच्या बांधासमोर १० ते २५ मीटरवर कागद आणि डबे लावून ते सराव करतात. वडिलांच्या नावावर परवान्याची पॉइंट टू टू रायफल आहे, ती वडील रेंजवर चालवतात. वाचकाच्या चष्म्याला १.२५ चा सिलिंडर नंबर (दृष्टिवैषम्याचा) आहे. दोन्ही रायफलींना आलटूनपालटून लावता येईल अशी एकच होलोग्राफिक साइट (रायफलवर बसवून नेम धरायचे उपकरण) घ्यायची आहे. ऑनलाइन साडेचार हजारांना एक दिसते आहे. घ्यावी का?

साडेचार हजारांची घेऊ नका, कारण ती होलोग्राफिक नाही. खरी होलोग्राफिक घेणार असाल तर ती फक्त पॉइंट टू टू वर लावा, स्प्रिंगच्या रायफलवर नको. आता कारणे सांगतो, म्हणजे उद्या दुसरे मॉडेल समोर आले तरी निर्णय तुमचा तुम्हाला घेता येईल.

साध्या रेड डॉट साइटमध्ये एक एलईडी असतो. त्याचा प्रकाश पुढच्या वक्र, लेप दिलेल्या काचेवर आपटून डोळ्याकडे परततो आणि ठिपका लांब लक्ष्यावर ठेवल्यासारखा दिसतो. होलोग्राफिकमध्ये एलईडी नसतो, लेझर डायोड असतो. वर्तुळ आणि मधला बिंदू हे चित्र काचेतल्या होलोग्राममध्ये आधीच नोंदलेले असते, लेझरच्या उजेडात ते परत उभे राहते. हे तंत्र बाजारात आणले ते ईओटेक या अमेरिकी कंपनीने, १९९० च्या दशकात. आजही खऱ्या होलोग्राफिक साइट बनवणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. ईओटेकशिवाय व्होर्टेक्सची रेझर यूएच-१ हे त्यातले ठळक नाव. अमेरिकेतच यांची किंमत साधारण ४५० ते ८०० डॉलर पडते आणि त्या देशाबाहेर पाठवताना निर्यात नियंत्रणाचे नियम लागतात. 'खेळण्याचा भाग' लिहून पार्सल पाठवतो म्हणणाऱ्या विक्रेत्याच्या नादी लागू नका. माल कस्टममध्ये अडकला तर पैसेही गेले आणि वॉरंटीही.

मग साडेचार हजारांत मिळते ते काय? चौकोनी खोक्याचा आकार होलोग्राफिकचा, आत एलईडीचा रेड डॉट. ओळखायला दोन खुणा पुरतात. एकाच साइटमध्ये बटण दाबून लाल आणि हिरवा दोन्ही रंग मिळत असतील तर ती होलोग्राफिक नाही. हिरव्या रंगाची खरी होलोग्राफिक असते, पण ती फक्त हिरवीच. दुसरी खूण काचेची: समोरून पाहिल्यावर काच आरशासारखी लाल-निळी चमकत असेल तर तो एलईडीचा प्रकाश परतवणारा लेप आहे. खऱ्या होलोग्राफिकची काच बरीच स्वच्छ दिसते आणि तिच्यातले चित्र नीट निरखले तर बारीक दाणेदार वाटते. ते दाणे लेझरमुळे येतात, तो दोष नाही. विक्रेता 'होलोग्राफिक रेड डॉट' असा जोडशब्द वापरत असेल तर तिथेच सावध व्हा.

आता स्प्रिंगच्या रायफलचे दुखणे. हे समजून घेतल्याशिवाय कुठलीही साइट विकत घेऊ नये. खटका ओढला की आतला जड पिस्टन पुढे झेपावतो, तेव्हा रायफल मागे सरकते. छर्रा अजून नळीतच असतो, तेवढ्यात पिस्टन पुढच्या दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो आणि रायफलला उलटा, पुढच्या दिशेने झटका बसतो. म्हणजे एका बारात दोन विरुद्ध धक्के. बंदुकीसाठी बनवलेली साइट मागच्या धक्क्याचा विचार करून बांधलेली असते. पुढचा झटका तिच्या काचा, डिंक आणि सोल्डरचे जोड यांना नवा असतो. होलोग्राफिकमध्ये तर लेझर, आरसा, प्रकाश वळवणारी जाळी आणि होलोग्राम हे एकमेकांशी नेमक्या कोनात बसलेले असतात. त्यातले काहीही केसभर हलले की नेम सुटला. म्हणून निर्मात्याने 'स्प्रिंग एअर रायफलवर चालेल' असे स्पष्ट लिहून दिलेले नसेल तर ती चालत नाही असेच धरा. स्प्रिंगऐवजी दाबलेल्या वायूवर चालणाऱ्या गॅस पिस्टनच्या रायफलीलाही हेच लागू. टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफलला मात्र हा त्रास जवळजवळ नसतो, कारण तिच्यात पिस्टनच नसतो.

हाच झटका माउंटलाही, म्हणजे साइट रायफलवर धरून ठेवणाऱ्या पकडीलाही, सरकवतो. रायफल पुढे उसळते, साइट जागीच राहू पाहते, त्यामुळे दर शंभर छर्ऱ्यांमागे माउंट थोडे थोडे मागे सरकत जाते आणि लोक म्हणतात, 'साइट झिरो (छर्ऱ्याशी जुळवलेला नेम) धरत नाही.' साइटचा यात दोष नसतो. तुमच्या रायफलवर बहुधा ११ मिलिमीटरची डोव्हटेल खाच असेल आणि मागच्या बाजूला वरून एक छोटे भोक. त्या भोकात बसणारी स्टॉप पिन असलेले माउंट घ्या. पिन माउंटच्या खालच्या बाजूने बाहेर येते, ती भोकात उतरवून मगच बाजूचे स्क्रू आवळायचे. भोक नसेल तर माउंटच्या मागे वेगळा स्टॉप लावा. खाचेतले आणि माउंटच्या जबड्यातले तेल आधी कपड्याने पुसा. नव्या रायफलीवर कारखान्याचे तेल असतेच आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून लावायचे निळे थ्रेडलॉक एक थेंब. लाल लावू नका, तापवल्याशिवाय निघत नाही.

पॉइंट टू टू वर बहुतेक पिकॅटिनी किंवा वीव्हर रेल (साइट बसवायची, आडव्या खाचांची पट्टी) मिळेल. दोन्ही दिसायला सारख्या असल्या तरी पिकॅटिनीची खाच ५.२३ मिलिमीटर रुंद असते आणि वीव्हरची ४.५७. त्यामुळे पिकॅटिनीसाठी बनवलेला आडवा बोल्ट वीव्हरच्या खाचेत उतरत नाही, उलटे चालते. साइट मागवण्याआधी व्हर्निअरने खाच मोजा. आणि ११ मिलिमीटरवरून पिकॅटिनी करणारा अडॅप्टर लावून एकच साइट दोन्हीकडे फिरवायचा बेत सोडा. प्रत्येक वेळी काढून लावताना पुन्हा झिरो करावी लागेल, अडॅप्टरमुळे उंची वाढेल, आणि स्प्रिंगच्या रायफलचे धक्के त्या साइटला सोसावे लागतीलच.

उंचीचा मुद्दा लोक विसरतात. होलोग्राफिक साइट सरळ दस्त्याच्या लष्करी रायफलीसाठी आखलेल्या असतात, त्यामुळे त्यांची खिडकी उंच असते. लाकडी, उतरत्या दस्त्यावर गाल टेकवला की डोळा खिडकीच्या खाली राहतो. मग नेमबाज गाल उचलतो, हनुवटी टेकवतो आणि दर वेळी डोके वेगळ्या जागी जाते. दस्त्यावर गालासाठी एक-दीड सेंटीमीटरची पट्टी बांधली तर सुटते, पण तो खर्च आधीच हिशेबात धरा. वजनही: ईओटेक ५१२ साधारण ३२५ ग्रॅमची आहे, तर एमपॉइंट मायक्रो टी-२ ही रेड डॉट माउंटशिवाय ८५ ग्रॅमच्या आसपास.

आता अचूकतेबद्दल, कारण मोठा गैरसमज इथे आहे. एमओए हे कोनाचे माप; एक एमओए म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंटीमीटर. २५ मीटरवर ते ७.३ मिलिमीटर होते, १० मीटरवर २.९ मिलिमीटर. ईओटेकच्या होलोग्राफिकचा बिंदू १ एमओए आणि भोवतीचे वर्तुळ ६८ एमओए असते. म्हणजे २५ मीटरवर बिंदू ७ मिलिमीटरचा, पण वर्तुळ तब्बल अर्ध्या मीटरचे! ते वर्तुळ जवळच्या, हलत्या लक्ष्यावर डोळा पटकन नेण्यासाठी आहे. स्थिर कागदावर त्याचा काही उपयोग नाही. दुसरीकडे, स्प्रिंगची चांगली रायफल सरावलेल्या हातात २५ मीटरवर दोन-तीन सेंटीमीटरचा ग्रुप (छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका) देते. तिथे १ एमओए आणि २ एमओए ठिपक्यातला फरक कागदावर दिसणारच नाही. ४ एमओए ठिपका मात्र २५ मीटरवर २.९ सेंटीमीटर झाकतो, ६ एमओए ४.४ सेंटीमीटर, ते डब्यांसाठी ठीक, कागदासाठी नको.

स्पर्धेचा विचार मनात असेल तर चित्रच वेगळे आहे. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे. ५० मीटरवर १ एमओएचा बिंदू १४.५ मिलिमीटर झाकतो, म्हणजे अख्खा दहा त्याच्याखाली गडप. शिवाय या प्रकारांत प्रकाशाचा ठिपका दाखवणारी साइट नियमाने चालतच नाही. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य घेतले ते पीप साइटवर: मागे बारीक भोकाची चकती, पुढे कडी, बॅटरी नाही. ज्याला कागदावर गुण हवे आहेत त्याने पैसे पीप साइटमध्येच घालावेत.

'होलोग्राफिकला पॅरलॅक्स (डोळा हलला की नेम हलणे) नसतो' हेही तुम्ही वाचले असेल. असतो. ठिपका दूरच्या अंतरासाठी जुळवलेला असेल आणि लक्ष्य १० मीटरवर असेल, तर डोळा खिडकीच्या मध्यापासून जितका बाजूला, जवळजवळ तितकाच नेम बाजूला जातो. २० मिलिमीटरच्या काचेत ही चूक जास्तीत जास्त सेंटीमीटरभर. होलोग्राफिकची खिडकी साधारण ३० मिलिमीटर रुंद, म्हणजे अगदी कडेला डोळा गेला तर दीड सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकते. १०० मीटरवर दीड सेंटीमीटर कोणाला कळत नाही, १० मीटरवर मात्र छर्रा काळ्या वर्तुळाबाहेर जाऊ शकतो. तपासायचे असे: रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवा, ठिपका १० मीटरवरच्या कागदाच्या मध्यावर आणा, आणि रायफलला हात न लावता डोके वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. ठिपका कागदावर किती मिलिमीटर फिरतो ते पाहा. उपायही सोपा आहे, ठिपका नेहमी खिडकीच्या मध्यावर ठेवा. त्यासाठी गालाची जागा रोज तीच हवी, म्हणजे पुन्हा दस्त्याची उंची आलीच.

तुमच्या डोळ्यांचा मुद्दा मी सगळ्यात महत्त्वाचा धरतो. सिलिंडर नंबर असला की गोल ठिपका धूमकेतूसारखा लांबट किंवा द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. साइट सदोष की डोळा, हे दुकानातच ठरवा. साइट हातात धरून हळूहळू नव्वद अंश फिरवा. ठिपक्याची शेपटी साइटबरोबर फिरली तर दोष साइटचा, शेपटी तिथेच राहिली तर डोळ्याचा. किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून फोटो काढा. कॅमेऱ्याला गोल आणि तुम्हाला लांबट दिसत असेल तर चष्मा घालून पुन्हा पाहा. १.२५ चा नंबर चष्म्याने बहुतेक निस्तरतो, पण चष्मा नेमबाजीच्या स्थितीत पाहायचा: गाल दस्त्यावर टेकला की आपण काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून पाहतो, आणि तिथे नंबर तितका नेमका बसत नाही. चाळिशीचा दुहेरी चष्मा असेल तर खालच्या भागातून पाहू नका, लक्ष्यच धुरकट होईल. होलोग्राफिकचे चित्र सिलिंडरच्या डोळ्याला रेड डॉटपेक्षा काहींना बरे दिसते, काहींना तितकेच खराब. म्हणून स्वतः पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. चष्म्यानेही भागत नसेल तर प्रिझम साइट घ्या. तिच्यात खूण काचेवर कोरलेली असते आणि मागची कडी फिरवून ती आपल्या डोळ्याला जुळवता येते. बॅटरी संपली तरी काळी खूण दिसतेच. मात्र तिला डोळा ठरावीक अंतरावर ठेवावा लागतो.

नाशिकच्या हवेचेही बोलले पाहिजे. जानेवारीत निफाड पट्ट्यात पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, मे महिन्यात दुपारी चाळिशीला टेकतो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी वर जातो. लेझरची तरंगलांबी तापमानाबरोबर बदलते आणि तरंगलांबी बदलली की होलोग्राममधून बाहेर पडणारा किरण थोड्या वेगळ्या कोनात वळतो. तो फरक भरून काढायला आत वेगळी जाळी बसवलेली असते; ती भरपाई कमी पडली की नेम सरकतो. हे केवळ पुस्तकी नाही: ईओटेकची त्या वेळची मालक कंपनी एल-३ हिने २०१५ मध्ये, अतिथंड आणि अतिउष्ण हवेत नेम सरकण्याच्या दोषावरून, अमेरिकी सरकारशी २.५६ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. जुनी, वापरलेली होलोग्राफिक स्वस्तात मिळत असेल तर बनावटीचे साल विचारा. सकाळी सातला झिरो करून तीच रायफल दुपारी दोनला, सावलीत ठेवून, पुन्हा पाच छर्ऱ्यांनी तपासा. गाडीच्या डॅशबोर्डवर साइट कधीही ठेवू नका.

पावसाळ्यात एसीच्या खोलीतून रायफल बाहेर काढली की काचेवर दव धरते. पिशवीतच वीस मिनिटे राहू द्या, मग उघडा. उघड्या एमिटरच्या (एलईडी उघडा असलेल्या) रेड डॉटमध्ये पावसाचा एक थेंब किंवा उन्हाळ्यातली धूळ एलईडीवर बसली की ठिपका फुटतो. आपल्याकडे बंद एमिटरचाच बरा.

बॅटरीत होलोग्राफिक हरते. लेझर जास्त वीज खातो: ईओटेक ५१२ दोन पेन्सिल सेलवर साधारण २,२०० ते २,५०० तास चालते, ईएक्सपीएस-३ एका सीआर १२३ वर हजारेक तास. एमपॉइंट टी-२ एका सीआर २०३२ वर ५०,००० तास. म्हणून होलोग्राफिक आपोआप बंद होते. ईओटेकमध्ये वरच्या बाणाने चालू केली तर ८ तासांनी, खालच्या बाणाने केली तर ४ तासांनी. पेन्सिल सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतो, सीआर १२३ साठी मात्र कॅमेऱ्याचे दुकान गाठावे लागेल. सीआर १२३ च्या जागी त्याच मापाचा चार्जिंगचा सेल घालू नका. तो पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट देतो, साइट ३ व्होल्टची आहे. महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, गळलेल्या सेलने संपर्काच्या पट्ट्या खाल्ल्या की दुरुस्ती होत नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. एअर रायफलसाठी, स्प्रिंगच्या रायफलवर चालते असे लिहून देणारी, २ एमओए ठिपक्याची, बंद एमिटरची रेड डॉट आणि स्टॉप पिनचे माउंट. ठिपका चष्म्यातूनही फाटत असेल तर तसाच निर्वाळा असलेली प्रिझम. पॉइंट टू टू साठी वडिलांना दोन्ही डोळे उघडे ठेवून पटापट लोखंडी प्लेटवर नेम धरायचा असेल तर खरी होलोग्राफिक शोभेल. पॉइंट टू टू चा धक्का तिला काहीच नाही. कागदावरच खेळायचे असेल तर तिथेही नको. ती लावणे आणि झिरो करणे हे परवानाधारक म्हणून वडिलांनीच रेंजवर करायचे. एअर रायफलला ०.१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आत ऊर्जा असेपर्यंत परवाना लागत नाही, ८.४ ग्रेनच्या छर्ऱ्यासाठी ही मर्यादा सेकंदाला सुमारे २७० मीटर वेगावर येते. जास्त ताकदीची स्प्रिंग बसवून देतो म्हणणाऱ्याकडे जाण्याआधी हा आकडा लक्षात ठेवा.

झिरो करताना सुरुवात १२ मीटरवर करा. छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने निघत असेल आणि साइट नळीच्या मध्यापासून ५ सेंटीमीटर वर असेल, तर १२ मीटरवर बसवलेला नेम पुन्हा २५ मीटरच्या आसपास बसतो. मध्ये १७-१८ मीटरवर छर्रा ७ मिलिमीटर वर जातो, १० मीटरवर ६ मिलिमीटर खाली, आणि ३५ मीटरवर जवळपास ५ सेंटीमीटर खाली. तुमची उंची आणि वेग वेगळे असतील, म्हणून शेवटची खात्री २५ मीटरवर कागदावरच करा. रायफल दगडावर किंवा कडक टेबलावर टेकवू नका. पुढचा हात पिशवीवर, रायफल तळव्यावर सैल. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळली की ग्रुप दुसरीकडे जातो. पाच छर्रे मारा, त्यांचा मध्य काढा, मगच स्क्रू फिरवा. एकेका छर्ऱ्यामागे क्लिक (स्क्रूचे टक-टक टप्पे) फिरवत बसलात तर डबा रिकामा होईल आणि झिरो होणार नाही. अर्ध्या एमओएच्या क्लिकने २५ मीटरवर ३.६ मिलिमीटर सरकते, १२ मीटरवर पावणेदोन. समजा २५ वर ग्रुप ४ सेंटीमीटर खाली आणि २ सेंटीमीटर डावीकडे आहे: वर ११ क्लिक, उजवीकडे ५ किंवा ६. त्यानंतर पुन्हा पाच. ठिपका दिसेल इतकाच मंद ठेवा, तेजस्वी ठिपका पसरतो आणि २ एमओएचा ४ होतो.

पहिल्या ५० छर्ऱ्यांनंतर माउंटचे आणि दस्त्याचे स्क्रू पुन्हा तपासा, नंतर दर ५०० ला. माउंटच्या मागच्या कडेशी रेलवर पेन्सिलने एक बारीक रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी नेम सुटला तर आधी ती रेघ पाहा, साइटचे क्लिक नंतर.